हिरीतलं पाणी, चंद्रावरचं पाणी

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी मी धाराशिव जिल्ह्यातील आमच्या गावी होतो. नागपंचमी दोनच दिवसांपूर्वी होऊन गेली होती, पण शिवारात श्रावणाची कसलीही खूण दिसत नव्हती. जुलैत बरा झालेला पाऊस ऑगस्ट लागताच जो गेला, तो परत फिरकलाच नव्हता, आणि ऐन फुलोऱ्यातल्या सोयाबीनने माना टाकल्या होत्या. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता, हे पुढे महिना संपल्यावर कळले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींनी वर्गातला टीव्ही व्हरांड्यात आणून ठेवला होता, आणि त्याच्यासमोर मुलांबरोबर निम्मे गाव येऊन बसले होते. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ चंद्रावर उतरला, मुलांनी एकच जल्लोष केला, कुणीतरी साखर वाटली आणि माझे डोळे भरून आले.

माझ्या शेजारी बसलेल्या आबांनीही टाळ्या वाजवल्या. आबा माझे चुलतभाऊ, वयाने माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, आणि गावातली आमची सामाईक विहीर आज तेच वापरतात. घरी परतताना पश्चिमेकडच्या आभाळात अर्धा चंद्र होता. त्याच्याकडे पाहत ते म्हणाले, “चंद्रावरचं पाणी यांना सापडलं, मग आमच्या हिरीतलं कुठं गेलं, ते बी सांगा म्हनावं.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. ज्यांनी आताच मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनी तितक्याच मनापासून विचारलेला तो प्रश्न होता. मी चौतीस वर्षे लेखापरीक्षणाचे काम केले आहे. ‘हा खर्च योग्य होता का’ हे विचारणे हाच माझा व्यवसाय होता, तरीही त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. त्यानंतरच्या काळात मी जे वाचले आणि ज्यावर विचार केला, ते इथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट अशी, की या प्रश्नाला सर्रास जी उत्तरे दिली जातात ती मला पटत नाहीत. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता, म्हणजे देशातल्या प्रत्येक माणसामागे साडेचार रुपयांहूनही कमी. मंगळयानाचा खर्च सुमारे ४५० कोटी रुपये होता, आणि तो किलोमीटरमागे रिक्षाच्या भाड्याहून स्वस्त पडला, हे आपण सगळ्यांनी अभिमानाने ऐकले आणि सांगितले आहे. परंतु कोणतीही रक्कम १४० कोटींनी भागली की ती क्षुल्लकच दिसते. त्या भागाकाराने चांगला खर्चही छोटा होतो आणि वाईट खर्चही. तसेच एखादी गोष्ट स्वस्तात मिळाली, एवढ्यावरून ती घ्यायला हवी होती असे सिद्ध होत नाही. हे उत्तर आबांना दिले असते, तर त्यांच्या प्रश्नाचा तो अपमान ठरला असता.

हिशेब करायचाच, तर तो नीट मांडून करावा. २०२३-२४ चा केंद्रीय अर्थसंकल्प सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा होता. त्यात अंतराळ विभागासाठी सुमारे १२ हजार ५४४ कोटींची तरतूद होती, तर घरोघरी नळाचे पाणी पोहोचवण्यासाठीच्या जलजीवन मिशनला ७० हजार कोटी दिलेले होते. चांद्रयान-३ चा अनेक वर्षांत मिळून झालेला खर्च त्या एका योजनेच्या एका वर्षाच्या तरतुदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. आमच्या भागाच्या अधिक जवळचा आकडा हवा असेल, तर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जलयुक्त शिवार अभियानावरचा २०२० मधला अहवाल पाहावा. सुमारे ९ हजार ६३४ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यावर आणि भूजलाची पातळी वाढवण्यावर त्या अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असे त्यात नोंदवले आहे. पंधरा चांद्रयाने जाऊन येतील इतका पैसा आमच्याच राज्यात, पाण्याच्याच नावाने खर्च झाला होता. आबांच्या विहिरीचे पाणी चंद्राने नेलेले नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट होते. पण ते का गेले आणि त्याचा जाब कुणी द्यायचा, हे मात्र स्पष्ट होत नाही, आणि म्हणून आबांचा प्रश्न शिल्लकच राहतो.

हा प्रश्न जुना आहे. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ निघण्याच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यानंतर त्यांची चळवळ पुढे नेणारे राल्फ ॲबरनॅथी काही गरीब कुटुंबांना आणि खेचरे जुंपलेल्या गाड्यांना सोबत घेऊन केप केनेडीला पोहोचले होते. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना भेटायला मोकळ्या मैदानात गेले आणि म्हणाले, की उद्या बटण न दाबल्याने देशातली गरिबी मिटणार असेल, तर आम्ही ते बटण दाबणार नाही. ॲबरनॅथींनी अंतराळवीरांच्या सुखरूपपणासाठी प्रार्थना करण्याचे वचन दिले आणि देशातली भूक आणि गरिबी आधी मिटवावी ही आपली मागणीही कायम ठेवली. आबांच्या टाळ्या आणि आबांचा प्रश्न मला त्या भेटीत एकत्र दिसतात. फरक इतकाच, की १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातील चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाकडे जात होता आणि आपल्याकडे तो पाव टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे आकड्यांपुरते पाहिले, तर ॲबरनॅथींच्या मागणीत वजन अधिक होते.

आपल्याकडे हा प्रश्न बाहेरून कुणी विचारण्याआधीच, ज्यांनी हे काम सुरू केले त्यांनी स्वतःला विचारला होता. विक्रम साराभाईंचे विधान प्रसिद्ध आहे: विकसनशील देशाने अंतराळाच्या मागे का लागावे, असे विचारणाऱ्यांना ते सांगत, की आमच्या मनात उद्दिष्टाविषयी संदिग्धता नाही, चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाणे यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्नरंजन आम्ही करत नाही. प्रगत तंत्रज्ञान माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांना लावण्यात आपण कुणाहून कमी असता कामा नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. या विधानाचा उत्तरार्धच बहुतेक वेळा उद्धृत होतो. पूर्वार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या तीन गोष्टी आपण करणार नाही असे त्यांनी सांगितले होते, नेमक्या त्याच तीन आज आपण करत आहोत.

त्यांच्या पिढीने तो उत्तरार्ध कसा जगून दाखवला, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे, कारण त्यात आपली माणसे होती. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस थुंबा आणि श्रीहरिकोटा या जागांच्या निवडीपासून साराभाईंबरोबर होते. पुण्याचे प्रमोद काळे आणि चिटणीस हे दोघेही १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात चाललेल्या ‘साइट’ या प्रयोगाच्या आघाडीवर होते. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मागून घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम थेट पोहोचवण्याचा हा प्रयोग होता. त्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्या गावोगाव उभ्या केल्या गेल्या, आणि जिथे वीज नव्हती तिथे संच बॅटरीवर चालवले गेले. एका गरीब देशाने अंतराळात टाकलेले पहिले मोठे पाऊल खेड्यातल्या चावडीसमोर पडले होते, हे वाचताना आजही माझा ऊर भरून येतो.

मग त्यांनीच उभ्या केलेल्या इस्रोने चंद्राकडे का वळावे? बराच काळ मला याचे उत्तर ‘उपयोग’ या शब्दात सापडत नव्हते. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वर अकरा उपकरणे होती, त्यांतली सहा परदेशी होती, आणि नासाने बसवलेल्या एका उपकरणाच्या नोंदींवरून चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. ते पाणी म्हणजे आपण समजतो तसे पाणी नव्हे. वरच्या पातळ थरातली टनभर माती गोळा केली, तर त्यातून जेमतेम लिटरभर पाणी निघेल, असा त्या वेळचा अंदाज होता. त्याने कुणाचेही सोयाबीन भिजणार नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण चंद्र आणि विहीर यांच्यात खरोखरच एक धागा आहे. १९६० च्या दशकात अपोलोसाठी उतरण्याच्या जागा शोधायला अमेरिकेने चंद्राभोवती काही याने फिरवली. ती ठरलेल्या कक्षेत नीट राहीनात. काही ठिकाणांवरून जाताना त्यांचा वेग किंचित बदलत असे. त्या बदलांचा हिशेब करताना १९६८ मध्ये उलगडले, की चंद्राच्या काही विस्तीर्ण काळ्या मैदानांखाली आजूबाजूपेक्षा अधिक वस्तुमान दडलेले आहे आणि वरून जाणाऱ्या यानाला ते ओढते. म्हणजे यानाच्या वेगातला बदल बारकाईने मोजला, तर जमिनीखाली काय आहे त्याचे वजन करता येते.

याच तत्त्वावर मार्च २००२ मध्ये ग्रेस नावाचे जुळे उपग्रह पृथ्वीभोवती सोडले गेले. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटरच्या अंतराने ते फिरत आणि आपल्यामधल्या अंतरात केसाच्या जाडीहूनही कमी फरक पडला तरी तो टिपत. खाली वस्तुमान जास्त असेल तर पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि अंतर वाढे. खालचे वस्तुमान महिन्यामागून महिने घटत गेले, तर ही ओढही घटत जाई. अशा रीतीने २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल उपसले गेले आणि ते भरून आले नाही. ‘हिरीतलं पाणी कुठं गेलं’ या प्रश्नाचे उत्तर आभाळातून, तराजूत घालून दिल्यासारखे दिले गेले होते. पुढे २०११ मध्ये हीच जुळ्या यानांची युक्ती ग्रेल या नावाने पुन्हा चंद्राकडे गेली. चंद्रावर शिकलेले पृथ्वीवर आले, पृथ्वीवर घासूनपुसून पक्के झाले आणि परत चंद्रावर गेले.

आबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, की मग त्या उपग्रहाला आपली विहीर दिसते का. ती दिसत नाही, हे मला सांगावे लागले. ग्रेसची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर असे, तिला एक तालुकासुद्धा वेगळा ओळखता येत नसे. आणि आमच्याकडचा काळा पाषाण पंजाबच्या गाळासारखा पाणी धरत नाही, ते भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात जेवढे मावेल तेवढेच राहते. गावातली विहीर दोर सोडूनच मोजावी लागते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, आणि वरून केलेले वजन बरोबर आहे की नाही, हे शेवटी अशा जमिनीवरच्या मोजमापांशी ताडूनच ठरते.

हा धागा मला मोलाचा वाटतो, तरीही सगळा निकाल मी त्याच्यावर टांगणार नाही. प्रत्येक मोहिमेतून असा उपयोग निघतोच असे नाही, आणि निघेल असे आश्वासन देऊन पैसा मागणे प्रामाणिकपणाचे नाही. लेखापरीक्षक म्हणून मला सर्वात जास्त भावलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती चांद्रयान-२ च्या अपयशात आहे.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे त्या मोहिमेतला ‘विक्रम’ चंद्रावर आदळला. त्या मोहिमेवर सुमारे ९७८ कोटी खर्च झाले होते. ती कक्षेत राहिलेल्या यानापुरती यशस्वी ठरली, पण उतरण्याचे उद्दिष्ट फसले होते. त्यानंतर काय चुकले हे इस्रोचे २०२३ मधले अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी पुढे जाहीरपणे सांगितले: पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर दिला, त्यातून साठत गेलेल्या चुका सावरायला यानाला पुरेशा वेगाने वळता आले नाही, आणि उतरण्यासाठी नेमलेली जागा अवघी ५०० मीटर लांब आणि तितकीच रुंद होती. चांद्रयान-३ मध्ये यातली प्रत्येक नोंद दुरुस्तीत उतरलेली दिसते. पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले, मधले पाचवे इंजिन काढले, उतरतानाचा अधिक वेग सोसण्याची तयारी केली आणि जागा ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर इतकी मोठी घेतली. काय काय बिघडू शकते याची यादी आधी केली गेली, आणि ते सगळे बिघडूनही यान उतरले पाहिजे, असा आराखडा आखला गेला.

माझ्या नोकरीच्या काळात मी अशा कितीतरी कामांच्या फायली तपासल्या, ज्यांत तळे कागदावर भरलेले होते, बंधाऱ्याची लांबी पूर्ण दाखवलेली होती आणि जागेवर गेल्यावर पावसाने वाहून गेलेल्या मातीशिवाय काही सापडत नव्हते. माझ्या शेऱ्यांना उत्तरे येत, ती उत्तरे ‘समाधानकारक’ म्हणून दाखल होत, आणि पुढच्या वर्षी तसाच बंधारा पुन्हा मंजूर होई. कुणीही त्या वाहून गेलेल्या बंधाऱ्याचे कारण शोधून पुढचा बंधारा वेगळा बांधला, असे मी चौतीस वर्षांत फारच क्वचित पाहिले. चंद्रावर आदळलेल्या यानाच्या बाबतीत आपल्याच देशाने, आपल्याच सरकारी विभागाने, चार वर्षांच्या आत ते करून दाखवले. ६१५ कोटींत आपण काय विकत घेतले, असे मला कुणी विचारले, तर मी आधी हे दाखवीन. अपयश लपवता येत नाही अशा जागी काम करणारी माणसे कशी वागतात, हे देशाच्या डोळ्यांसमोर ठेवायला त्या रकमेचा उपयोग झाला. आबांच्या विहिरीला हाच व्यवहार हवा आहे, आणि तो तिच्यापर्यंत आलेला नाही, याचे मला मनस्वी दुःख होते.

म्हणूनच यानांच्या, यंत्रांच्या मोहिमांविषयी माझे मत आता पक्के झाले आहे: त्या व्हाव्यात, आणि याहून अधिक व्हाव्यात. मानवी उड्डाणांविषयी मात्र मी अजून साशंक आहे. गगनयानाला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च ९ हजार २३ कोटी होता. सप्टेंबर २०२४ मध्ये उड्डाणांची संख्या वाढवून आणि अंतराळ स्थानकाचा पहिला भाग त्यात घालून तो २० हजार १९३ कोटींवर गेला. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले, त्या एका प्रवासाला सुमारे ५५० कोटी लागले, म्हणजे जवळजवळ चांद्रयान-३ इतके. त्यांच्या धैर्याविषयी आणि कष्टाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु माणूस नेल्याने असे काय कळेल जे यंत्राने कळले नसते, हे मला अजून कुणी पटेल अशा रीतीने सांगितलेले नाही. हा पैसा इथेच खर्च होतो, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला अग्निबाणांची आवरणे घडतात, विक्रोळीला इंजिने तयार होतात, त्यातून हातांना काम आणि कौशल्य मिळते, हे सारे खरे आहे. पण ते कोणत्याही मोठ्या कामाविषयी खरे असते, आणि साराभाईंनी विचारलेल्या उद्दिष्टाच्या प्रश्नाची जागा ते घेऊ शकत नाही.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह निघाला तेव्हा मी पुण्यात होतो, आणि आबांना फोन करून सांगितले. नासा आणि इस्रो यांनी मिळून सुमारे दीड अब्ज डॉलरचा हा उपग्रह घडवला आहे. बारा मीटर व्यासाची जाळीदार छत्री उघडून तो दर बारा दिवसांनी पृथ्वीची जवळजवळ सगळी जमीन रडारने तपासणार आहे. मातीतली ओल आणि पाणी उपसल्याने खचणारी भूमी ही त्याच्या कामांतली दोन महत्त्वाची कामे आहेत.

त्यानंतर सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. आबांच्या मोबाइलवर आदल्या दिवशी इशारा आला होता. त्यांनी गुरे वरच्या वाडीला नेली, खत आणि बियाणे माळ्यावर चढवले. सोयाबीन उचलून नेता येत नाही, ते पाण्याखाली गेले. मी दसऱ्यानंतर गेलो तेव्हा शेताच्या बांधाचा मागमूस नव्हता आणि विहीर गढूळ पाण्याने भरलेली होती. दोन वर्षांपूर्वी जिचा तळ दिसत होता, तिच्या काठावर आम्ही उभे होतो. निसार बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जातो, हे आबांनी लक्षात ठेवले होते. त्यांनी नातवाची जुनी वही मागवली, दोराला दगड बांधून तो विहिरीत सोडला आणि म्हणाले, “वरून ते बघू दे, खालून मी बघतो.” दर बारा दिवसांनी एक नोंद घ्यायची, असे त्यांनी ठरवले आहे. पहिली नोंद त्यांच्या सांगण्यावरून मीच लिहिली: तारीख, वेळ, पाणी काठापासून चार हात. त्यापुढे गाळासाठी एक रकाना आखला आहे. गाळ किती साचला आहे ते अजून मोजलेले नाही, म्हणून तो रिकामा ठेवला.